दोनशे सातवं हाड

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ‘कडाक्’ असा आवाज झाला आणि गोदामातली दोनेकशे माणसं एकदम ओरडली, “निघालं!”

हाडमहाराजांचा उजवा पाय पालथ्या पडलेल्या बाईच्या कमरेवर होता. हातातल्या लाल पंच्यातून त्यांनी बोटभर हाड वर धरलं. बाईच्या पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता.

“माणसाची हाडं दोनशे सहा!” महाराज गरजले. “हे दोनशे सातवं, दुखण्याचं मूळ! डॉक्टरच्या फोटोत येत नाही, लाजतं बिचारं!”

गर्दी हसली. मागे उभा असलेला मटणवाला हसला नाही. पालथी पडलेली ती त्याची धाकटी बहीण होती. आठ दिवसांपूर्वी जिन्यावरून पडली होती. कंबर धरून का होईना, सकाळी स्वतःच्या पायांनी इथे आली होती. चमत्कार बघायला म्हणून तिच्या नवऱ्याने त्याला दुकान बंद करायला लावून आणलं होतं.

“ऊठ, मुली!”

ती उठली नाही. “दादा, माझे पाय कुठे गेले?”

मटणवाल्याने माणसं बाजूला फेकली, महाराजांचं मनगट पिरगाळून हाड हिसकावलं आणि उजेडात धरलं. तुटल्या कडेवर बारीक उंच रेघ होती. त्याच्या सत्तुराच्या धारेला महिन्यापासून खाच पडली होती. प्रत्येक घावावर ती अशीच रेघ सोडायची.

“बकऱ्याची नळी आहे ही! माझ्या सत्तुराने तोडलेली! याचा माणूस काल कुत्र्यासाठी म्हणून घेऊन गेला!”

त्याने पंचा झटकला. आणखी दोन हाडं आणि एक मोडलेली वाळकी काडी खाली पडली. आवाज काडीचा होता.

“देवद्रोही! ठेचा त्याला!” महाराज किंचाळले.

पहिला गुद्दा मेहुण्याचाच बसला. “माझ्या बायकोला बरं वाटायचं होतं, दादा, का नाट लावता?” मग काठ्या आल्या, बूट आले. पुन्हा ‘कडाक्’ झालं. या खेपेला काडी नव्हती.

तोंडातलं रक्त थुंकून मटणवाला जमिनीवरून ओरडला, “मला मारा, पण तिला वाकवू नका! फळी आणा! मणक्यांच्या पोकळीतून नसांचा दोर जातो. मणका सरकला की तो चिरडतो. रोज बघतो मी!”

मेहुण्याची मूठ थांबली. पायाशी पडलेली काडी त्याने उचलून पाहिली. मग धावत जाऊन त्याने गोदामाच्या दाराची फळी उपसली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. पडल्यावर मणका नुसता तडकला होता. महाराजांच्या पायाच्या दाबाने तो सरकला. मटणवाल्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, पण मार बरगड्यांनीच झेलला, फुप्फुस वाचलं.

बाहेर गोदामातलीच दहा-बारा माणसं मान खाली घालून उभी होती. मटणवाला धापा टाकत म्हणाला, “अरे, वीस वर्षं हाडं काढतोय मी. भोक न पाडता एकही निघालं नाही. एवढं तरी विचारायचंत!”



महाराज मागच्या दाराने पसार झाले, सापडलेले नाहीत. पाच वाजता डॉक्टरीणबाईंनी बहिणीच्या पायांना सुई टोचली. उजवा अंगठा हलला. सहा वाजेपर्यंत डावा हललेला नव्हता.