समुद्रात बुडवलेला होकार

“कोणी विश्वास ठेवणार नाही, पण पत्रांची पिशवी मी याच हातांनी समुद्रात टाकली,” असं म्हणत कॅप्टन एलियाझरनं ओले बूट विस्तवाकडे सरकवले. “आत तोफेचा गोळा घातला, म्हणजे तरंगायला नको. इंग्रजांचं लढाऊ जहाज पाठलागावर, पत्रं त्यांच्या हाती पडायला नकोत, आणि माझी तोफ एकच, तीही गंजलेली. मग काय, सुका मासा ठासून डागली! त्यांचा कप्तान नाक दाबत माघारी वळला.”

“तरीच म्हटलं, वास कसला येतोय,” केझायाआत्या म्हणाली. हसली मात्र नाही. “जोनासचं पत्र होतं त्यात?”

“होतं तर!”

टॅबिथाची सुई थांबली. तिचे वडील जोनास मासा विकायला स्पेनमधल्या बिल्बाओला गेले त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांच्या होकाराशिवाय आत्या तिचं पिंपं बनवणाऱ्या अमोसशी लग्न लावून देणार नव्हती, आणि अमोस सोमवारी इंग्रजांविरुद्धच्या लढाईवर निघणार होता.

“पत्र बुडालं, मजकूर नाही बुडाला,” कॅप्टन म्हणाला. “पत्रावर लाखेची मोहोर लावण्याआधी जोनासनं मला वाचून दाखवलं होतं. वर माशाचा भाव, मिठाचा भाव, आणि तळाशी पोरीबद्दल दोन ओळी. अमोस पसंत आहे म्हणाला. डोळे पुसत होता हो!”

“जोनास? आमची आई गेली तेव्हा तो गोदामात पिंपं मोजत बसला होता.”

“परदेशात माणूस हळवा होतो, केझायाबाई.”

“हळवा होवो नाहीतर काही होवो. एकेक पत्र तो तीनदा लिहितो आणि तीन जहाजांनी धाडतो, एक बुडालं तरी दुसरं पोचावं म्हणून. बाकीच्या प्रती कुठायत?”

“इंग्रजांनी धरल्या असतील.” कॅप्टननं टॅबिथाकडे बघून हळूच डोळा मिचकावला. तिनं मान खाली घातली.

आत्या उठली. फळीवरचं बायबल काढून तिनं तळहातानं पुसलं आणि कॅप्टनपुढे ठेवलं.

“ठेवा हात. म्हणा, जोनासनं होकार दिला. रविवारी लग्न लावते.”

कॅप्टनच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. भर वादळात शिव्या घालणारा हा माणूस देवाचा दिवस म्हणून रविवारी जहाजावर शीळसुद्धा वाजवू देत नसे. त्यानं तळवा कोटाला पुसला, उलटा करून पुन्हा पुसला. टॅबिथाकडे एकदा पाहिलं. मग हात पुढे केला.

“काढा हात, काका!”

टॅबिथा उभी राहिली होती. मांडीवरचं शिवण खाली पडलं.

“खोटं बोलताय तुम्ही. दुसरी प्रत गेल्याच आठवड्यात आली. माझ्या उशीत शिवून ठेवलीय मी. बाबा नाही म्हणालेत.”