देवघरातला ट्रायलोबाइट

मी ओरडलेच! गुरुमूर्तिकाकांनी शाळिग्रामांवर दूध ओतलं आणि कडेच्या चपट्या दगडावरचं गंध धुऊन गेलं. पणजोबांनी मुक्तिनाथहून आणलेला हा दगड आमच्या घरात कूर्मावतार म्हणून पुजला जातो. कासव कसलं डोंबलाचं! मधे उंचवटा, दोन्ही अंगांना पट्टे, आडव्या वळ्याच वळ्या. ज्याच्यावर मी पीएचडी करते तो ट्रायलोबाइट, इथे, कुंभकोणमात, माझ्या नाकासमोर!

"काका, हातात द्या ना!"

"बायकांनी शाळिग्राम शिवूं नये गे, गायत्री."

"शाळिग्राम नाहीच तो! समुद्रातला प्राणी आहे, दगड झालेला. खेकड्यांचा दूरचा भाऊबंद, कधीच नामशेष झालेला."

काकांचा चेहरा उतरला. "किडा? अय्यो! मग देवघरांत कसा ठेवूं? अरसलारांत सोडावा लागेल."

म्हणजे देव असेल तर मी हात लावायचा नाही, आणि किडा असेल तर नदीत! अस्सा संताप आला मला. पण जन्मभर ज्याला न्हाऊ घातलं त्याच्याकडे काका असे बघत होते, की भांडवेना.

"नखानं चाचपून बघा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना डोळे आहेत?"

काकांनी चष्मा चढवला. "आहेत गे! चाळणीसारखे!"

"एकेक भोक म्हणजे एकेक भिंग. दगडी भिंगं!"

"अस्के असेच होते? एकूणएक?"

"छे! हजारो जाती. कुणी आंधळे, कुणाचे डोळे दांड्यांवर. कुणी काटेरी, कुणी भ्यालं की अंगाची गोळी करणारे. कुणी तांदळाएवढे, कुणी परातीएवढे!" मला धाप लागली. "यांचा वंश सुरू झाला तेव्हा मासे जेमतेम घडत होते, काका."

काका पाटावर ताठ बसले. "मत्स्याच्या अगोदर?"

"होय."

"पहिल्या अवताराच्याही अगोदर!" त्यांचा आवाज चढला. मग ते हसायलाच लागले. "तर ह्याला कोणी शिवावें, कोणी शिवूं नये, हें कोण लिहिणार? लिहिणारे होते कोठें? धर!"

ओला, गार दगड माझ्या तळहातावर आला. मला रडू फुटलं. मी वळ्या मोजायला लागले, तशी काकांनी दुधाची वाटी पुढे केली.

"तें मागाहून. अगोदर दूध घाल. आजपासून ह्याची पूजा तुझी."