शेवटचा उतारू

"काकू, जरा हलकं बोला. विनोदी सिनेमा आहे हो," काचेपलीकडून लंबू म्हणाला.

हलकं बोला म्हणे! हेडफोन लावून त्या कोंदट खोलीत माईकसमोर उभं राहून बघ म्हणावं. दवाखान्यात नर्स म्हणून मी किती घरांना वाईट बातम्या दिल्या, आवाज कधी कापला नाही. आणि इथे एक वाक्य निघेना.

लंबू माझ्या मुलाचा कॉलेजातला मित्र. परीक्षा संपल्यावर ही चार टाळकी एका खटारा गाडीतून समुद्र बघायला गेली. परतताना अपघात झाला. तिघं घरी आली, माझा आला नाही. त्याच सहलीवर लंबूनं आता सिनेमा काढलाय. चांगला काढलाय, खोटं कशाला बोलू? माझं कार्टं त्यात सगळ्यांत वात्रट, होतंच तसं.

परवा लंबूनं मला एकटीला दाखवला. "तुम्ही नको म्हणालात तर डब्यात घालीन," म्हणाला. सिनेमात अपघात नाहीच. गाडी एकेकाला दारात सोडते. शेवटी माझा उरतो, गाडी आमच्या गल्लीत वळते आणि पडदा काळा.

माझं टाळकंच सरकलं. "मेल्या, तिघांना घरी पोचवलंस आणि माझ्यालाच रस्त्यावर ठेवलंस? आधी त्याला घरी आण, मग दाखव लोकांना!"

लंबूनं मान खाली घातली. "ते मला लिहिताच आलं नाही, काकू. आता शूटिंगही संपलंय." मग म्हणाला, "काळ्या पडद्यावर आवाज घालता येईल. दार उघडल्याचा. आणि तुमचा."

म्हणून मी इथे. "आलास का रे?" एवढंच म्हणायचं, तर दरवेळी रडका सूर लागतो.

लंबूशेजारचा आवाजवाला वैतागला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? "अहो मावशी, पोरगं उशिरा आल्यावर आई काय ओवाळते का? झापा की त्याला!"

आणि मला खरंच राग आला. इतक्या वर्षांचा.

"आलास का एकदाचा? काही लाज? वाट बघून डोळे फुटायची वेळ आली माझी! दात काय काढतोस? जा, आधी पाय धू. वाढते मी!"

आवाजवाला खो-खो हसला. "हे बेस्ट! थिएटर हसणार बघा." लंबू मात्र पाठ फिरवून उभा होता.

मग त्यांनी सगळं जोडून मला ऐकवलं. गाडी थांबली. दार उघडलं. मी करवादले. कुणीतरी बूट भिरकावले, एक इकडे, एक तिकडे. नळ सुटला.

"झालं, काकू. या बाहेर," लंबू म्हणाला.

मी हेडफोन घट्ट धरले.

"थांब जरा. पाय धुतोय तो."