पालथी घागर

पक्षाघातानं दाक्षायणीकाकूंचे सगळे शब्द नेले आणि "व्हय" तेवढा मागं ठेवला. हो म्हणायचं असलं तरी व्हय, नाही म्हणायचं असलं तरी व्हय. अक्षरंही ओळखू येईनात. डोकं मात्र पहिल्यासारखंच तल्लख होतं. त्यांच्या नवऱ्याला, शिवयोगींना, जन्मात पहिल्यांदा बायकोच्या वतीनं बोलायची संधी मिळाली होती आणि ते तिचं सोनं करत होते. चहा हवा का, असं कुणी काकूंना विचारलं तरी उत्तर शिवयोगी देत. काकूंना त्याचा भारी राग येई.

म्हणून वाचाबोलायची अडचण असलेल्यांसाठी पाण्याच्या तक्रारीचं ॲप करणाऱ्या प्रियदर्शनीनं ते तपासायला बोलावलं, तेव्हा काकू लगबगीनं निघाल्या. एक तरी काम आपलं आपण करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. शिवयोगींना ते कळत होतं.

ॲपमध्ये नुसती चित्रं होती. पाणी आलं नाही, यासाठी निळा थेंब आणि त्यावर फुली. समजलं का, असं प्रियदर्शनीनं विचारलं. काकू व्हय म्हणाल्या. पोरगी खूश झाली.

शिवयोगींनी बायकोकडं पाहिलं. खरं व्हय असलं की ती डोक्यावरचा पदर सारखा करते. पदर जागचा हलला नव्हता.

"तिला न्हाय समजलं," ते म्हणाले. "पर काय पायजे, ते मलाबी सांगता येत न्हाय."

हे ऐकून काकूंनी टेबलावरचा तांब्या डाव्या हातानं उचलला आणि सरळ पालथा घातला. पाणी कागदांवरून शिवयोगींच्या धोतरात उतरलं. प्रियदर्शनी आधी दचकली, मग हसत सुटली. नळ कोरडा गेला की गल्लीतल्या बायका नळाखाली घागर पालथी घालून ठेवतात, हे तिनंही लहानपणापासून पाहिलं होतं. तिनं तिथल्या तिथं नळाचं चित्र काढलं आणि खाली पालथी घागर. काकूंनी पदर सारखा केला.

पुढच्या महिन्यात पाणी यायच्या वारी नळ कोरडाच राहिला. शिवयोगी फोन शोधू लागले, तर तो काकूंच्या हातात. दुपारी गल्लीला पाणी सोडणारा चावीवाला गुरप्पा दारात आला.

"मालक, तक्रार तुमीच केली की?"

शिवयोगींनी तोंड उघडलं आणि मिटलं. "हिला विचार," ते म्हणाले आणि बाजूला झाले. त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

गुरप्पानं काकूंना विचारलं. काकूंनी आधी पदर सारखा केला.

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि नळाखालची घागर सुलटी करायला गेल्या.