आत जायला हरकत नाही

“अहो, दूध!”

मी मोरीतून ओरडत आले तोवर पातेल्याचा तळ काळा झाला होता आणि स्वयंपाकघरात करपल्याचा वास कोंडला होता. आमचे हे गॅसपासून दोन हातांवर पाठमोरे बसून बुटाची नाडी बांधत होते. मान वळवून म्हणाले, “काय झालं?”

काय झालं म्हणे! भिंतीपलीकडे शेजारणीला वास गेला आणि या माणसाला पत्ता नाही. मी तोंड सोडणार होते, पण मिटलं. गेल्या महिन्यात आंबलेली भाजी त्यांनी निमूट खाल्ली होती. त्याआधी गॅसची नळी सुटली होती आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. तेव्हा मी त्यांना वेंधळे, धांदरट, काय काय म्हणून घेतलं होतं. आज मात्र उमगलं. तो वेंधळेपणा नव्हताच.

यांची नोकरी नाकावर चालते. हे गोदामांमध्ये कीटकनाशकाचा धूर मारतात. धूर मारायचा, गोदाम बंद ठेवायचं, मग दारं-खिडक्या सताड उघडून हवा खेळू द्यायची. किती तास, ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं. पण बावीस वर्षं साहेबलोकांचा भरवसा त्या तासांपेक्षा यांच्या नाकावर जास्त. हे आत जातात, दहा मिनिटं फिरतात आणि वहीत लिहितात, ‘आत जायला हरकत नाही.’ मग माणसं कामाला आत जातात. सगळे त्यांना नाकमास्तर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

आज सोमवार, आमच्याच गोदामाची पाळी होती. आम्ही पंधरा बायका तिथे भाजीचं बियाणं पाकिटांत भरतो. बियाण्याला कीड लागली म्हणून शनिवारी काम सुटल्यावर यांनी धूर मारला होता.

हे पुढे निघाले, मी मागून गेले. फाटकाशी सगळ्या जमल्या होत्या. आमच्यातली दम्याची मावशी पायरीवर टेकली होती, श्वासाचा पंप मुठीत धरून. मी वॉचमनला सहज विचारलं, “खिडक्या काल सकाळीच उघडल्यात ना?”

“काल कुठल्या? रस्ता खणत होते, धूळ आत येईल म्हणून सुपरवायझर म्हणाले बंदच ठेव. आज सहाला उघडल्या की.”

“यांना सांगितलंत?”

“विचारलं कुणी?”

औषधाच्या डब्यावर पूर्ण दिवस लिहिलेला. इथे जेमतेम दोन तास झालेले. आणि हे तर केव्हाच आत गेले होते.

तेवढ्यात हे बाहेर आले, वही उघडली, पेनचं टोपण काढलं. सुपरवायझर घड्याळ दाखवत होता. “आटपा मास्तर, दहाला ट्रक येतोय.”

“थांबा!” मी ओरडले. सगळ्या बघायला लागल्या. आता बोलावं तर चारचौघांत नवऱ्याची अब्रू जाणार. गप्प बसावं तर मावशी आत जाणार. “शनिवारचा जेवणाचा डबा राहिलाय माझा आत.”

“नंतर घे,” सुपरवायझर म्हणाला.

“बुरशी आली असेल, साहेब. तुम्ही घासणार का?”

बायका हसल्या. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, “चल, मी येतो.” दाराशी त्यांनी गळ्यातला मास्क काढून माझ्यापुढे धरला.

“मास्क लावून वास कसा घेऊ?” मी म्हटलं.

त्यांचा हात तसाच राहिला. मी आत गेले.

आत लख्ख उजेड होता. बघायला गेलं तर सगळं ठीक. पण पुठ्ठ्यांच्या थप्प्यांपाशी पोचले आणि घसा धरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमच्या टेबलावरून बोट फिरवलं तर तेलकट. याच टेबलावर आम्ही दिवसभर उघडे हात ठेवतो, आणि याच हातांनी जेवतो. मी बोट त्यांच्या नाकापाशी नेलं. त्यांनी खोल श्वास घेतला. बावीस वर्षांच्या धुराने डोळे-घसा कधीच निबर झालेले; चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

“येतो का हो?”

“नाही.”

“कधीपासून?”

“झाली असतील दोन वर्षं.”

“आणि तरी सह्या करत होतात?”

“खिडक्या उघड्या दिसायच्या. वाटायचं, तास भरले असतील.” मग खाली बघत म्हणाले, “नाकमास्तर म्हणतात गं मला.”

असा संताप आला की गदागदा हलवावं या माणसाला, आणि रडूही येत होतं. मी त्यांना ओढतच दाराशी आणलं. म्हटलं, “ऐका. खिडक्या काल बंद होत्या, एवढंच सांगू. खोटं नाही ते. तुमच्या नाकाचा विषयच निघणार नाही.”

मला वाटलं, पटलं.

“आज निभेल,” ते म्हणाले. “गुरुवारी दुसरं गोदाम आहे. तिथे तू नाहीस.”

बाहेर येऊन त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज अगदी रोजचा. “आज कुणी आत जायचं नाही. खिडक्या काल बंद होत्या. उद्याही आधी हातमोजे घालून टेबलं पुसायची, मगच कामाला बसायचं. आणि मला वास येत नाही. दोन वर्षं झाली.”

सुपरवायझर म्हणाला, “काय थट्टा करता, मास्तर!” कुणी हसलं नाही.

मावशी पायरीवरून म्हणाली, “मागच्या खेपेला पंधरा दिवस खोकत होते मी. म्हटलं, माझा दमाच असेल.”

ते तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. तिने तोंड फिरवलं. मग त्यांनी वहीत सावकाश लिहिलं, ‘आत जाऊ नये,’ खाली सही केली आणि वही सुपरवायझरच्या हातात दिली. गुरुवारसाठी त्यांना पुन्हा ती मिळणार नव्हती.

संध्याकाळी मी दूध तापत ठेवलं. हे गॅससमोर स्टूल ओढून बसले. “तू जा, मी बघतो.” पापणीही न हलवता पातेल्याकडे बघत राहिले. मी दाराशी उभी होते. दूध तापल्याचा वास मला केव्हाच आला होता, आता उतू जाणार हेही कळत होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

साय फुगली, कडेला आली.

“आलं गं,” ते म्हणाले, आणि त्यांनी गॅस बंद केला.