तोफेची डुलकी

सर्जरी वॉर्डच्या मुख्य सिस्टरना सगळे पाठीमागे ‘तोफ’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं आवडतही होतं. पण अलीकडे ही तोफ वाटेल तिथे धडाडायला लागली होती. सलाईनचा स्टँड कुरकुरला म्हणून वॉर्डबॉयवर, भाजी अळणी झाली म्हणून नवऱ्यावर आणि एकदा तर चक्क बंद पडलेल्या लिफ्टवर. आई ड्यूटीवरून आली की मुलगी आधी तिचा चेहरा बघायची आणि मगच तोंड उघडायची.

मेट्रनबाईंनी सगळ्या सिस्टरांसाठी ताण कमी करण्याचा वर्ग ठेवला, तेव्हा तोफ फणकारली. दोघी रजेवर, वॉर्ड भरलेला, आणि आम्ही डोळे मिटून बसायचं? पण हजेरी सक्तीची होती. सकाळची पाळी संपवून त्या कुरकुरतच सभागृहात सतरंजीवर टेकल्या.

शिकवायला आलेल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, श्वास आत येतोय, बाहेर जातोय, फक्त तेवढंच बघा. तोफेने एक श्वास बघितला. दुसरा बघायला त्या जाग्या नव्हत्याच.

डोळे उघडले तेव्हा आजूबाजूला सगळ्या सिस्टर आडव्या झालेल्या. बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आत डोकावणाऱ्यांना खुणेनेच परत पाठवत होत्या. तोफ ओशाळली. आपण घोरत होतो का, हेही त्यांनी भीतभीत विचारून घेतलं.

“घोरत होतात,” बाई म्हणाल्या, “म्हणून तर बाकीच्यांना धीर आला.”

मग दोघी मिळून मेट्रनबाईंकडे गेल्या. बाईंनी सरळ सांगितलं, श्वास मी शिकवीन, पण आधी या बायकांना पाठ टेकायला जागा द्या. रुग्णांनाच खाटा पुरत नाहीत, असं म्हणत मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. तोफेने चादरींच्या खोलीतला रिकामा कोपरा सुचवला. प्रत्येक पाळीत आळीपाळीने थोडा वेळ आडवं व्हायचं ठरलं. जाताना बाईंनी एकच गोष्ट सांगितली: हात धुताना फक्त हातच धुवायचे, डोक्यात वॉर्ड धुवायला काढायचा नाही.

पुढच्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या रुग्णाचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे गेलं. त्यांचा मुलगा तोफेच्या टेबलापाशी येऊन वाटेल ते बोलायला लागला. तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तर जिभेवर तयार होतं. पण हात धुऊन येते, असं सांगून त्या बेसिनकडे वळल्या. पाणी गार होतं. बोटांमधून फेस निघून जाईपर्यंत त्या तिथेच थांबल्या. घट्ट आवळलेले दात सैल झाले.

परत आल्या तर तो बोलतच होता. या वेळी त्यांना त्याच्या शर्टाची चुकीची लागलेली बटणं दिसली. त्यांनी विचारलं, “सकाळपासून काही खाल्लंय?”

त्याने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, “घरी आईला काय सांगू, तेच कळत नाहीये.”

“लावा फोन. मी बोलते.”

ताप उतरल्याशिवाय भूल देता येत नाही, हे त्यांनी त्याच्या आईला नीट समजावलं. तिच्या चार शंकाही शांतपणे ऐकून घेतल्या.

ताप उतरला, ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. घरी जायच्या दिवशी मुलगा टेबलापाशी घुटमळला, त्या दिवसाबद्दल काहीतरी पुटपुटायला लागला.

“असू दे हो,” तोफ म्हणाली. “वडिलांचे टाके मात्र भिजू देऊ नका. भिजले, तर मग बघा माझ्याशी गाठ आहे.”