तळाशी उरलेला घोट

मी कप. बोलतोय म्हणून लगेच कौतुकानं जवळ येऊन बसू नका. माणसांशी बोलायची मला फारशी हौस नाही. आयुष्यभर तुमच्या ओठांना लागलोय, तेवढी ओळख पुरे झाली.

जन्म माझा भट्टीतला. पांढरीशुभ्र चिनी माती, काठाला सोनेरी रेघ, नाजूक कान. आमचा सहा भावंडांचा संच होता. बाकीचे पाहुण्यांच्या हातून फुटले. "अगं बाई, निसटला!" असं म्हणून वर दुसऱ्या कपातून चहा प्यायला ती मंडळी मोकळी. उरलो मी आणि माझा एक भाऊ, त्याचा कान तुटलेला.

आमच्या मालकीणबाई एका फोटो स्टुडिओत कामाला होत्या. त्या काळी फोटो काळे-पांढरे निघत आणि लोकांना ते रंगीत हवे असत. मग बाई बारीक ब्रशनं गाल गुलाबी करायच्या, ओठांवर लाली चढवायच्या, एखाद्याच्या टकलावर चार केसही उगवून द्यायच्या. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, "अगदी हुबेहूब!" हुबेहूब म्हणे! घरी आरसे नसावेत बहुतेक.

बाईंच्या टेबलावर आम्हा दोघांच्या जागा ठरलेल्या. उजवीकडे भाऊ, त्यात ब्रश धुवायचं पाणी. डावीकडे मी, माझ्यात चहा. उजव्या हातानं रंग, डाव्या हातानं घोट. बाईंची नजर फोटोवरून हलायची नाही, पण हात कधी चुकला नाही. भावाच्या गढूळ तोंडाकडे बघून मी मनात म्हणायचो, बरं झालं बाबा, माझा कान शाबूत आहे.

एकच गोष्ट मला सहन व्हायची नाही. बाई चहा कधी संपवायच्या नाहीत. तळाशी साखर साचलेला शेवटचा घोट त्यांच्या मुलीसाठी राखलेला असायचा. शाळा सुटली की ती स्टुडिओत यायची, दप्तर फेकायची आणि तो गार, उष्टा घोट गटकन प्यायची. वरच्या ओठावर चहाची मिशी. बाई न बघताच म्हणायच्या, "मिशी पूस." शी! मला किळस यायची. माझ्यासारख्या कपातून प्यायची ही काय रीत झाली?

पुढे रंगीत कॅमेरे आले, स्टुडिओ बंद झाला, भाऊही एके दिवशी फुटला. मी मात्र स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर धूळ खात बसलो. खाली काचेच्या, प्लास्टिकच्या, जाहिराती छापलेल्या कपांचं राज्य आलं. त्यांच्याशी मी कधी बोललो नाही. कुणाशी बोलावं याला काही मर्यादा असते.

फळीवरून सगळं दिसायचं. बाईंनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. दूध गॅसवर ठेवून त्या झोपून गेल्या. मग एक दिवस स्वतःच्या मुलीलाच म्हणाल्या, "तुम्ही कुणाकडे आलात?" डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून सांगितलं. नातेवाईक भेटायला आले. दारातूनच ओरडायचे, "मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे ना? मग त्या बिचारीची परीक्षा कशाला घेता?

पुढचं दुखणं त्याहून वाईट. बाईंनी पाणी पिणंच सोडलं. ग्लास पुढे केला की ओठ घट्ट मिटायच्या. चमच्यानं पाजलं तर थुंकायच्या. एकदा अंगात पाणीच उरलं नाही म्हणून इस्पितळात ठेवावं लागलं. तिथं त्यांनी सलाईनची सुई उपटली, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले. सोन्यासारखे हात ते! घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "पाणी गेलं नाही तर पुन्हा आणावं लागेल." त्या दिवसापासून मुलीचा जीव त्या एका गोष्टीत अडकला. आईचे हात पुन्हा बांधले जाऊ नयेत, बस्स.

ती आईला दुपारी एका केंद्रात घेऊन जायला लागली. तिथं विसराळू म्हाताऱ्यांना चित्रं काढायला देतात, गाणी म्हणायला लावतात. जावईबापू घरी म्हणाले, "रंगकाम करून डोकं ठिकाणावर येतं होय?"

"नाही येणार," मुलगी म्हणाली. "पण तिथं ती भिंतीकडे बघत बसत नाही."

केंद्रातल्या चित्रकलेच्या बाईंनी सांगितलं, घरातली ओळखीची एखादी वस्तू आणा. मुलीनं मला फळीवरून काढलं. मला वाटलं, चला, कुणाला तरी अक्कल आली.

कसलं काय! मेणकापड घातलेली टेबलं, साबणाचा वास, सगळ्यांच्या अंगात मागून बांधायचे ॲप्रन. एक निवृत्त मॅनेजर रोज अख्खा कागद तपकिरी करायचे, आणि चित्रकलेच्या बाई त्यालाही म्हणायच्या, "वा, काय दमदार रंग आहे!" कौतुकाची नुसती खिरापत. आणि मला काय मिळालं? ब्रश धुवायचं पाणी! माझ्यात! भावाची आठवण झाली आणि पहिल्यांदाच त्याच्याबद्दल जरा वाईट वाटलं.

मॅनेजरसाहेब बाईंच्या उजवीकडे बसायचे आणि त्यांचं कोपर सगळं लवंडायचं. म्हणून चित्रकलेच्या बाईंनी मला डावीकडे ठेवलं. आमच्या बाईंपुढे एका चेहऱ्याचं रेखाचित्र होतं. त्यांनी ब्रश उचलला, गालावर गुलाबी रंग हळूच टेकवला, मान तिरकी करून बघितलं. आणि डावा हात पुढे करून, मला कानाला धरून, ते गुलाबी पाणी घटाघट प्यायल्या.

मग जो गोंधळ उडाला! "अहो, थुंका, थुंका!" म्हणत मदतनीस मावशी धावल्या. चित्रकलेच्या बाईंचा चेहरा पांढराफटक. "रंग बिनविषारी आहे हो, पण चूक माझी झाली. यांना आता रंग नको द्यायला."

मुलगी मात्र हसत होती. रडतही होती. माणसांना एका वेळी एक काम नीट जमत नाही. "आई पाणी प्यायली," ती म्हणत होती. "अहो, स्वतःहून प्यायली! चूक तिची नाहीच. तिचा चहा डावीकडेच असायचा!"

दुसऱ्या दिवशी उजवीकडे रंगाच्या पाण्याचं जड भांडं आलं आणि मॅनेजरसाहेबांना पलीकडे हलवलं. डावीकडे मी. माझ्यात चहा. बाईंनी गाल रंगवला, घोट घेतला. ओठ रंगवले, घोट घेतला. त्यानंतर रोज कधी चहा, कधी सरबत, कधी साधं पाणी. चित्रकलेच्या बाई चेहऱ्यांमागून चेहरे पुढे ठेवत राहिल्या. त्यांना चूक कबूल करता आली, तेवढं मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो. जास्त नाही.

पण माणसांचं समाधान कधी होतं का? आमच्या बाई शेवटचा घोट ठेवायच्या. मावशी कपाळाला आठ्या घालून तो सिंकमध्ये ओतायच्या. मुलगी मागे लागायची, "आई, एवढं संपव ना गं." बाई ओठ मिटायच्या. मला सगळं ठाऊक होतं, पण कपाला विचारतो कोण?

एका दुपारी मुलगी थकली. "बरं, राहू दे, मीच पिते," म्हणून तिनं मला तोंडाला लावलं. बाईंनी ब्रश खाली आपटला.

"अहो बाई, ठेवा ते! तुमचं नाहीये. माझ्या मुलीचं आहे. शाळेतून येईल आता दमून."

मुलीनं मला हळूच ओठांवरून खाली घेतलं. मॅनेजरसाहेबांचासुद्धा ब्रश थांबला.

मग ती कशीबशी म्हणाली, "चुकले हं. बाहेर आलीये ती. नेऊन देऊ तिला?"

"द्या. गार झालाय म्हणावं, पण साखर आहे तळाशी."

मुलगी मला घेऊन बाहेरच्या बोळात गेली. चपलांच्या मांडणीला टेकून उभी राहिली आणि तो गार, उष्टा घोट प्यायली. डोळ्यांतलं पाणी माझ्या सोनेरी रेघेवर पडलं. एरवी मी चिडलो असतो.

ती आत आली. बाईंनी चित्रावरून नजर न काढता विचारलं, "प्यायली का?"

"हो. प्यायली."

"मिशी पुसायला सांगा तिला."

मुलीनं हाताच्या पाठीनं वरचा ओठ पुसला.

तेव्हापासून हे रोज चालतं. माझा सोनेरी काठ विटलाय, कानाला बारीक चीर गेलीय, आणि माणसांबद्दलचं माझं मत काही बदललेलं नाही. मला तुमचं कौतुक नको, शोकेस तर नकोच. मावशी, फक्त एवढं ऐका. तो घोट सिंकमध्ये ओतू नका. ती यायची आहे.